कोणत्या कागदावर जाणार?

शिमग्याला आणि गणपतीला गाव भरलं की कोकणातल्या पडवीत एक वाद हमखास निघतो. एक बाजू म्हणते, इथे ठेवलंय काय, पोरांनी परदेश गाठलाच पाहिजे. दुसरी बाजू वाडीतल्या कुलूपबंद घरांकडे बोट दाखवते आणि विचारते, मग मागे कोण राहणार? २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांची घोषणा झाली, आणि पहिल्या बाजूचा आवाज चढला. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं तेव्हा दुसरी बाजू म्हणाली, बघा, दारं बंद झाली. दोघंही पोटतिडकीने बोलतात, आणि दोघांचाही प्रश्न चुकतो. जायचं की राहायचं, याचा निकाल कोकणाने दीडशे वर्षांपूर्वीच लावला आहे. इथला माणूस जातोच. विचारायला हवं ते हे, की तो कोणत्या कागदावर जातो. व्हिसाचा प्रकार, हातातलं प्रमाणपत्र आणि करारातली कलमं यांवरच ठरतं की तो तिथे स्वतःच्या हिमतीवर उभा राहील की दुसऱ्याच्या मर्जीवर. ही तयारी करून देणं हे घराचं काम तर आहेच, पण त्याहून जास्त ते शाळेचं, आयटीआयचं आणि जिल्हा प्रशासनाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

कागदाला एवढं महत्त्व का, हे एकाच वाडीतल्या चार मुलांची कल्पना केली की कळतं. एक भेटीच्या व्हिसावर दुबईला गेला; तिथे पोचून काम मिळेल असं त्याला सांगितलं होतं. त्या व्हिसावर काम करणं तिथल्या कायद्याने बंद आहे, त्यामुळे पगार बुडाला तरी तो तक्रार करायला बिचकतो. दुसरा रीतसर रोजगार व्हिसावर गेला. त्याचा करार तिथल्या कामगार मंत्रालयात नोंदलेला आहे, भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कायद्याने मालकावर आहे आणि मालकाला त्याचा पासपोर्ट ठेवून घेता येत नाही. तिसरा जपानच्या ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसाच्या पहिल्या वर्गात गेला. त्याच क्षेत्रात तो मालक बदलू शकतो, पण मुक्काम एकूण पाच वर्षांचा आणि बायकोमुलांना नेता येत नाही. चौथा कॅनडाचा कायम रहिवासी म्हणून उतरला आणि पहिल्या दिवसापासून कुणाकडेही काम करायला मोकळा आहे. गावात मात्र चौघांबद्दल एकच वाक्य बोललं जातं: ‘तो बाहेर असतो.’

कोकणाने याची किंमत आधी दोनदा मोजली आहे. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, गेले, त्यात रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी लोकही होते. अरकाटी, म्हणजे मजूर गोळा करणारा दलाल, सांगेल ते खरं मानून अंगठा उठवायचा, करारात काय आहे ते बोटीत बसल्यावर कळायचं. ही पद्धत १९१७ मध्ये थांबली. दुसरी किंमत मुंबईच्या गिरणगावात मोजली. गिरणीत लावून घ्यायचं तर जॉबरला, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाला, धरावं लागे, त्याची दस्तुरी म्हणजे दलाली द्यावी लागे. मग मनीऑर्डरी सुरू होत आणि गाव त्यावर जगे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो सुटलाच नाही, आणि वीस-वीस वर्षं साचे चालवलेला कसबी विणकर रिकाम्या हाताने गावी आला. त्याच्या बोटांत विद्या होती. पण ती आहे असं सांगणारा, दुसऱ्या कुठल्या दारात दाखवता येईल असा एकही कागद त्याच्याकडे नव्हता. आज मस्कतहून पंधरा वर्षांनी परतणारा सुतार आणि दम्मामहून परतणारा पाइप फिटर नेमक्या याच अवस्थेत उतरतो. अरकाटी, जॉबर आणि आजचा सब-एजंट या तिघांची ताकद एकाच गोष्टीत आहे: कागद त्यांना वाचता येतो, जाणाऱ्याला येत नाही.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेऊ. गावं खरोखर ओस पडताहेत. रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी गुरखे असतात, मासेमारीच्या नौकांवर खलाशी म्हणून नेपाळी पोरं चढतात. भातखाचरं पडीक आहेत, म्हाताऱ्या आईवडिलांना तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला घरात माणूस नाही. हे दुःख खरं आहे आणि कुठल्याही व्हिसाने ते भरून निघत नाही. पण तरुणाला जर्मन शिकवली नाही किंवा करार वाचायला शिकवलं नाही, म्हणून तो थांबला, असं कुठे घडलंय? तो तरीही जातो, फक्त वाईट कागदावर जातो. आणि वाईट कागद माणसाला लवकर घरी येऊ देत नाही. व्याजाने तीन लाख काढून गेलेला पहिली दोन वर्षं कर्जच फेडतो. आई गेली तरी सुट्टी मागायला घाबरतो, कारण परतीचं तिकीट आणि पुढचा परवाना दोन्ही मालकाच्या हातात असतं. ज्याचा मुक्कामाचा परवाना स्वतःच्या कौशल्यावर मिळालेला आहे तो दर वर्षी गणपतीला येऊ शकतो, आणि कायमचा परतला तर मान्यता असलेलं प्रमाणपत्र घेऊन परततो. गावाशी नातं टिकवायचं असेल तर माणसाला चांगल्या कागदावर पाठवणं हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे.

दुसरा आक्षेप दारं बंद होण्याचा. तोही पोकळ नाही. ब्रिटनने २०२२ च्या फेब्रुवारीत म्हाताऱ्या-आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या परदेशी देखभाल सेवकांना व्हिसा खुला केला आणि २२ जुलै २०२५ ला परदेशातून त्यांची नवी भरती बंद केली. त्याच दिवशी कुशल कामगार व्हिसासाठीची किमान वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांवर गेली. २०२४ च्या सुरुवातीला ती २६,२०० होती. मधल्या काळात ज्यांनी लाखो रुपये मोजून मालकाने द्यायचं प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र ‘विकत’ घेतलं, त्यांतल्या अनेकांच्या मालकांचे परवानेच रद्द झाले. तसं झालं की साधारण ६० दिवसांत नवा प्रायोजक शोधा नाहीतर देश सोडा. पण इथे जरा थांबून बघा, बंद झालेलं दार कोणतं होतं? जिथे पात्रता मालकाच्या पत्रावर टिकलेली होती आणि म्हणून ते पत्र बाजारात विकलं जात होतं, ते दार आधी बंद झालं. कॅनडाने २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्री या कायम रहिवासाच्या गुणपद्धतीतले नोकरीच्या ऑफरचे जादा गुण काढून टाकले, तेही बनावट ऑफरींचा धंदा मोडायला. त्याच सुमारास, २०२४ च्या ऑक्टोबरात, जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. जिथे भाषा आणि सिद्ध झालेलं कौशल्य मागतात ते दार उघडं राहिलंय, आणि नेमकी तीच तयारी आपण करत नाही. एका देशाच्या बातमीवरून उत्साहाने उड्या मारणं आणि दुसऱ्या देशाच्या बातमीवरून हातपाय गाळणं, या दोन्हींत सारखाच आळस आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: कुशल कामगारांचे व्हिसा हे इंजिनियर-डॉक्टरांसाठी, आमच्या आयटीआयच्या पोराला कोण विचारतो? याचं उत्तर आकडेमोड करूनच द्यायला हवं. जर्मनीचं ‘चान्सेनकार्टे’ म्हणजे संधी कार्ड १ जून २०२४ पासून सुरू झालं. हातात नोकरी नसताना एक वर्ष तिथे जाऊन काम शोधता येतं, शोधताना आठवड्याला २० तास काम करता येतं. अट अशी की किमान दोन वर्षांचं शासनमान्य व्यवसाय प्रशिक्षण किंवा पदवी हवी, जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ हवं (भाषेच्या पातळ्या ए-१ पासून ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात), आणि त्यावर सहा गुण जमवायचे. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा २७ वर्षांचा फिटर घ्या. वय ३५ च्या आत, म्हणून दोन गुण. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव, म्हणून दोन. जर्मन ए-२ असेल तर एक. बेरीज पाच, अर्ज बाद. तोच मुलगा आणखी चार-सहा महिने बसून बी-१ झाला तर भाषेचे दोन गुण, बेरीज सहा, अर्ज पात्र. त्याचा अनुभव सात वर्षांत पाच वर्षांचा असता तर त्याचे तीन गुण मिळाले असते आणि ए-२ वरही भागलं असतं. म्हणजे निकाल एका भाषा-परीक्षेवर लागतोय, पदवीवर नाही.

आता त्याच्या शेजारच्या बाकावरचा वेल्डर घ्या. हात सोन्याचा, कदाचित फिटरपेक्षा सरस. पण वेल्डरचा आयटीआय अभ्यासक्रम एका वर्षाचा, आणि अट दोन वर्षांची. तो दारातच अडतो. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, प्लंबर एका वर्षाचे. प्रवेशाच्या वेळी सतरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या बापाला हा फरक कुणी सांगतं का? ट्रेड निवडला जातो तो कुठे जागा शिल्लक आहे आणि कुठली बस वेळेवर पोचते यावर. दहा वर्षांनी त्या निवडीची किंमत कळते.

पैशाची अडचण मी लपवत नाही. संधी कार्डासाठी वर्षभराच्या खर्चाची हमी द्यावी लागते. २०२५ चा दर महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो, रुपयांत बारा-तेरा लाखांच्या घरात. ते पैसे आपलेच राहतात, दरमहा आपल्यालाच परत मिळतात, हे खरं. पण आधी ते उभे करायचे कुठून? म्हणून फिटर पोराला मी संधी कार्डाऐवजी दुसरी वाट आधी दाखवीन. २०२४ च्या मार्चपासून जर्मनीत ‘मान्यता भागीदारी’ची सोय आहे: दोन वर्षांचं प्रशिक्षण, जर्मन ए-२ आणि तिथल्या मालकाशी केलेला करार एवढ्यावर जाता येतं, पगार सुरू होतो आणि प्रमाणपत्राची मान्यता तिथे काम करता करता मिळवायची असते. पगार चालू असल्याने ती मोठी रक्कम अडकवावी लागत नाही. मालक शोधायला वेळ लागतो, मुलाखत जर्मनमध्ये द्यावी लागते. पुन्हा भाषाच. परिचारिकांचंही तसंच: जर्मनीत पूर्ण मान्यता मिळवायला साधारण बी-२ लागतं आणि अभ्यासक्रमातली तूट भरून काढणारं प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. बी-१ पर्यंत पोचायला, जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेच्या हिशोबाने, ३५० ते ६५० तासिका लागतात. आयटीआयच्या दोन वर्षांत रोज एक तास धरला तर हे सहज बसतं. शिकून झाल्यावर, घरची जबाबदारी डोक्यावर आल्यावर, मुंबईत खोली भाड्याने घेऊन शिकायचं म्हटलं तर तेच डोंगराएवढं होतं.

कागद कुठे फाटतो, हेही जवळून बघायला हवं. कोकणातल्या एका साध्या फायलीत काय निघतं? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर गावावरून पडलेलं दुसरं. जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती लावली; ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत मात्र श्रावणातली. नर्सिंगचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरीच. संयुक्त अरब अमिराती २०२२ च्या नोव्हेंबरपासून असं एकच नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर घेत नाही. यातली प्रत्येक चूक दुरुस्त होते, राजपत्रात नाव बदलून किंवा मूळ नोंद सुधारून; पण महिने जातात, आणि लोकांना ती कळते ऑफर हातात आल्यावर. मग पंधरा दिवसांत ‘करून देणारा’ माणूस भेटतो, तो खाडाखोड करतो, आणि खोटा कागद सापडला की काही देशांत पुढची कित्येक वर्षं अर्जच करता येत नाही.

सगळ्यात जास्त अर्ज पडतात ते अनुभवाच्या पत्रावर. ‘सदर इसम आमच्याकडे समाधानकारक काम करत होता’ या ओळीला कॅनडा-ऑस्ट्रेलियात काडीची किंमत नाही. पत्रात पद, प्रत्यक्ष कामाचं वर्णन, आठवड्याचे तास, पगार, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा हे सगळं लागतं. आपला मुलगा ठेकेदाराकडे असतो. ठेकेदार पगार रोख देतो आणि दर दोन वर्षांनी नाव बदलून नवा ठेका घेतो. मग पाच वर्षांचं काम सिद्ध कसं करणार? पीएफ कापला जात असेल तर पासबुकातल्या नोंदी आणि बँकेत जमा झालेला पगार हा आधार उरतो. म्हणून पगार बँकेतच घ्या, पीएफचा आग्रह धरा आणि काम सोडण्याच्या दिवशीच पत्र घ्या. हर्णै-मिरकरवाडा बंदरांतल्या खलाशाकडे तर यातलं काहीच नसतं. जपानच्या विशिष्ट कौशल्य व्हिसात मासेमारी हे एक स्वतंत्र क्षेत्र आहे. एन-४ पातळीची जपानी आणि त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा एवढी अट आहे. समुद्राचं ज्ञान रक्तात असलेल्या किनाऱ्यावर या वाटेचं नावसुद्धा कुणाला माहीत नसावं, हे मनाला लागतं.

मग दहावी नापास माणसाचं काय? त्याला आखातच उरतं, आणि तिथे कायदा त्याच्या बाजूने जितका आहे तितका तरी वापरला गेला पाहिजे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर एमिग्रेशन, म्हणजे देशाबाहेर जाण्याची, तपासणी लागते. १८ देशांत कामाला जाताना त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर घ्यावी लागते. लोकांना ही कटकट वाटते. पण याच मंजुरीसोबत नोंदलेला करार येतो आणि प्रवासी भारतीय विमा येतो: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. परवानाधारक एजंटला कामगाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, पावती देऊन. सब-एजंटचा सगळा डाव ही मंजुरी टाळण्याचा असतो: भेटीचा व्हिसा काढायचा, परतीचं तिकीट दाखवायचं आणि माणूस नोंदीबाहेर उतरवायचा. तो एकदा नोंदीबाहेर गेला की विमा नाही, करार नाही, दूतावासाकडे त्याचं नावही नाही. जहाजावर जाणाऱ्यांचंही असंच. नौकानयन महासंचालनालयाचा भरती परवाना नसलेल्याकडून मिळालेली नेमणूक कितीही गोड असली तरी घेऊ नये. २००६ चा सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला आहे आणि त्याप्रमाणे नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेताच येत नाहीत. कायदा दुबळा आहे हेही कबूल करतो. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यात बेकायदा भरतीला कमाल दोन वर्षं कैद आणि दंड कमाल दोन हजार रुपये. एका पोराकडून तीन लाख उकळणाऱ्याला दोन हजारांची भीती कशी वाटावी?

शेवटचा आक्षेप कराच्या पैशाचा: इथल्या पैशाने शिकवून माणसं परक्यांना का द्यायची? मग गेली पन्नास वर्षं इथेच शिकलेली माणसं आखातात कुणी दिली? ती तर आपण फुकटच दिली, वर एजंटांना पैसे मोजून. केरळने १९९६ मध्ये परदेशस्थांसाठी वेगळं नॉर्का खातं उघडलं. त्याने जर्मनीच्या सरकारी यंत्रणेशी करार केला आहे आणि केरळचे परिचारक-परिचारिका भाषा शिकून, एजंटला पैसे न देता जर्मनीला जातात. केरळचे प्रश्न सगळे सुटले असं नाही, पण जाणाऱ्याला विचारायला एक सरकारी दार आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं समुद्रापार गेली आणि इथल्या तालुक्याच्या गावात त्यासाठी एक टेबलसुद्धा नाही. दहा हजारांच्या करारांपेक्षा मला हे टेबल हवं आहे. दहावीच्या वर्गातच नाव-जन्मतारखेची तपासणी, आयटीआयच्या प्रवेशाच्या वेळी ट्रेडच्या वर्षांची माहिती, दोन वर्षांत जर्मन किंवा जपानीचा रोजचा तास, परीक्षेला मुंबई-पुण्याला जायचं भाडं, आणि करार मराठीत वाचून दाखवणारा एक माणूस.

एवढं होईपर्यंत ग्रामपंचायतीला एक गोष्ट उद्यापासून करता येईल. गणपतीत चाकरमान्यांबरोबर एजंटही गावात येतात. जो येईल त्याला आपला परवाना क्रमांक पंचायतीच्या फळ्यावर लिहायला सांगा, आणि सगळ्यांदेखत फोनवर ई-मायग्रेट उघडून तो तपासा. नाव, पत्ता आणि परवान्याची मुदत तिथे दिसते.